लिलावात दुसरं गिऱ्हाईक हवं: ईबेचा शोध समजून घेऊन जुनं घड्याळ कसं विकावं

ईबे या ऑनलाइन बाजारावरच्या लिलावात वस्तूला किती पैसे येणार, हे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराच्या हातात असतं. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा एकाने 60 डॉलर भरले, दुसऱ्याने 45. 25 ते 99.99 डॉलरच्या टप्प्यात बोलीची पायरी 1 डॉलरची, म्हणून वस्तू 46 ला जाते. पहिल्याने 60 च्या जागी 200 भरले असते तरी 46च. आणि दुसरा आलाच नसता, तर तुम्ही लावलेल्या सुरुवातीच्या किमतीत वस्तू गेली असती, मग ती 99 सेंट का असेना. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये अशा प्रकारच्या लिलावाचं गणित मांडलं होतं आणि 1996 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. विक्रेत्याने त्यातलं एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे: एक हौशी माणूस कुठूनही वस्तू शोधून काढतोच, दुसऱ्याला ती दिसावी म्हणून खटपट करावी लागते. ईबेचा शोध समजून घ्यायचा तो यासाठी.

उदाहरणाला एचएमटीचं घड्याळ घेऊ. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं घराघरात पोचली. 2016 मध्ये घड्याळांचा धंदा गुंडाळला गेला. चावीचं एचएमटी आजही आपल्याकडे कपाटांतून निघतं आणि त्याचे संग्राहक अमेरिकेत, युरोपात, जपानात आहेत.

भारताचं वेगळं ईबे आता नाही. 2004 मध्ये ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेऊन इथे पाय रोवले होते, पण ईबे डॉट इन 14 ऑगस्ट 2018 ला बंद झालं. आता भारतातून ईबेवर विकायचं म्हणजे निर्यात करायची: डीजीएफटी या सरकारी विदेश व्यापार कार्यालयाकडून आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक काढायचा आणि पैसे पेओनिअर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत घ्यायचे. हे आधी उरकून घ्या. नव्या विक्रेत्याला किती वस्तू लावता येतील यावर मर्यादा असते, तेव्हा पहिल्याच महिन्यात आजोबांची पेटी रिकामी करण्याचे बेत नकोत.

आधी गिऱ्हाईक होऊन शोधा

पुण्यात बसून ईबे उघडलं तर जे दिसतं ते अमेरिकेतल्या माणसाला दिसत नाही. निकाल माल कुठे पोचवायचा आहे त्यावर बदलतात. म्हणून ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, ईबे डॉट कॉमवर जा आणि 'शिपिंग टू' मध्ये एखादा अमेरिकन पिनकोड टाका, न्यूयॉर्कचा 10001 चालेल. आता शोधाच्या चौकटीत फक्त एचएमटी लिहा आणि थांबा. खाली ज्या सूचना उघडतात ती लोकांनी खरोखर टाइप केलेली भाषा असते. तुम्ही ज्याला 'चावीचं घड्याळ' म्हणता त्याला तिकडचा माणूस हँड वाइंडिंग म्हणतो, मॅन्युअल म्हणतो की मेकॅनिकल, हे इथेच कळतं. सापडलेले शब्द कागदावर लिहून ठेवा.

मग फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' वर खूण करा. गेल्या 90 दिवसांत विकला गेलेला माल समोर येतो. लोक इथे नुसती किंमत बघतात. मी म्हणेन, लिलावात गेलेली चार-पाच घड्याळं उघडा आणि त्यांचा बोलींचा इतिहास बघा. नावं झाकलेली असतात, मधे तीन चांदण्या आणि कडेला एकेक अक्षर, पण बोलीदार किती आणि बोली किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. चौदा बोली आणि बोलीदार दोन, याचा अर्थ दोन माणसं एकमेकांना चिमटे काढत होती. सहा बोली आणि बोलीदार पाच, याचा अर्थ त्या मॉडेलला खरी मागणी आहे. प्रत्येक वेळी बोलीदार एकच निघत असेल, तर तुमचंही तेच होणार असं धरून चाला.

काही विकलेल्या वस्तूंची किंमत खोडलेली दिसते. तिथे घासाघीस होऊन कमी पैशांत सौदा ठरलेला असतो, खोडलेला आकडा खरा नव्हे. खरा आकडा सेलर हबमधल्या, म्हणजे विक्रेत्यांसाठीच्या ईबेच्या पानावरच्या, टेरापीक या साधनात मिळतो. त्यात तीन वर्षं मागचंही बघता येतं, आणि जुन्या घड्याळासारख्या क्वचित विकल्या जाणाऱ्या मालाला 90 दिवसांचा पुरावा तोकडाच पडतो.

लिलाव लावायचा की नाही

हा प्रश्न बहुतेक मार्गदर्शक गाळतात. जनता हे मॉडेल भारतातले डझनावारी विक्रेते ठरावीक किमतीला सतत लावून ठेवतात. ज्याला जनता हवं तो त्यातलं स्वस्त बघून उचलतो, सात दिवस बोली लावत कशाला बसेल? तिथे लिलावाला दुसरं गिऱ्हाईक मिळणं अवघड. ठरावीक किंमत लावा आणि मोकळे व्हा. लिलाव शोभतो तो ज्याचा भाव तुम्हालाही नीट सांगता येत नाही अशा वस्तूला: क्वचित दिसणारी डायल, डब्यासकट आणि बिलासकट निघालेलं न वापरलेलं घड्याळ, अंधांसाठी बनवलेलं ब्रेल घड्याळ.

घरात एचएमटीबरोबर आजोबांचं खिशातलं घड्याळ किंवा जुनी नाणी निघाली तर जरा थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. एचएमटीला ही अडचण नाही, त्या कंपनीचं कुठलंच घड्याळ एवढं जुनं नाही.

शीर्षक

शीर्षकाला 80 अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. ईबेचा शोध आपणहून वर्णनात डोकावत नाही. वर्णनातही शोधायचं तर गिऱ्हाइकाला वेगळी खूण करावी लागते आणि ती फारसं कुणी करत नाही. म्हणजे खाली वर्णनात कितीही रसाळ लिहा, शोधापुरती तुमची ओळख शीर्षकात आणि वस्तूची माहिती भरायच्या रकान्यांत.

वाईट शीर्षक असं असतं: 'ब्युटिफुल रेअर ओल्ड वॉच एक्सलंट कंडिशन मस्ट सी'. यातलं 'वॉच' सोडलं तर एकही शब्द घड्याळ शोधणारा माणूस टाइप करत नाही. ब्युटिफुल घड्याळ हवं म्हणून कोण शोधतं?

चांगलं असं: 'एचएमटी पायलट मेन्स मेकॅनिकल हँड वाइंडिंग रिस्ट वॉच ब्लॅक डायल 17 ज्युअल्स इंडिया'. रोमन लिपीत लिहिल्यावर हे 77 अक्षरांत बसतं. कंपनी आणि मॉडेल सर्वांत पुढे, कारण फोनवर शीर्षक अर्ध्यात कापलं जातं. एकवचन-अनेकवचन आणि रोजचे समानार्थी शब्द शोध बऱ्यापैकी सांभाळून घेतो, त्यामुळे तेच शब्द फिरवून लिहिण्यात जागा घालवू नका. डायलवर देवनागरी अक्षरं असतील तर मात्र एखादा शब्द काढून 'देवनागरी' किंवा 'हिंदी' घाला. अशा डायलवर जीव टाकणारे संग्राहक आहेत आणि ते हेच शब्द लिहितात.

इथे एक खड्डा आहे. जुन्या घड्याळाची डायल पुन्हा रंगवून, त्यावर नवी अक्षरं छापून विकण्याचा धंदा आपल्याकडे इतका चालला की परदेशातले संग्राहक अशा मालाला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तुमची डायल मूळची असेल तर 'नॉट रीडायल', म्हणजे डायल पुन्हा रंगवलेली नाही, असं शीर्षकात लिहायचा मोह होणारच. लिहू नका. शोधात वजाचं चिन्ह लावून नको असलेला शब्द वगळता येतो. चोखंदळ माणूस 'एचएमटी पायलट' लिहून पुढे वजा रीडायल लिहितो आणि तुमचं अस्सल घड्याळ त्याच्या यादीतून गायब होतं, केवळ तो शब्द तुमच्या शीर्षकात आहे म्हणून. 'ओरिजिनल डायल' लिहा आणि तसं खरोखर असेल तरच लिहा. डायल रंगवलेली असेल तर रीडायल असं स्वच्छ सांगा. त्याचेही घेणारे असतात, भाव वेगळा असतो इतकंच. 'लाइक सेको' असं दुसऱ्या कंपनीचं नाव घुसवणं तर ईबेच्या नियमांतच बसत नाही, त्यापायी लिस्टिंग, म्हणजे तुम्ही लावलेली विक्रीची नोंद, उडतं.

बोली लागल्यावर किंवा शेवटचे बारा तास उरल्यावर शीर्षक बदलता येत नाही. त्यामुळे एकदा रात्री लिहा आणि सकाळी वाचून मगच लावा.

रकाने रिकामे ठेवू नका

लिस्टिंग भरताना 'आयटम स्पेसिफिक्स' नावाची लांबलचक यादी येते: ब्रँड, मॉडेल, मूव्हमेंट, डायलचा रंग, केसचा आकार, पट्टा. कंटाळून लोक तांबड्या चांदणीचे तेवढे रकाने भरतात. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. तो 'एचएमटी' शोधतो, चारशे घड्याळं येतात, मग डावीकडच्या फिल्टरमध्ये तो मूव्हमेंटला 'मेकॅनिकल मॅन्युअल' आणि डायलला 'ब्लॅक' अशा खुणा करतो. तुमचा डायलचा रकाना कोरा असेल, तर फोटोत डायल काळीकुळकुळीत असून उपयोग नाही, घड्याळ यादीतून गेलं. रकान्यात स्वतःच्या मनाचे शब्द टाइप करण्यापेक्षा ईबेने पुढे केलेल्या पर्यायांतूनच निवडा, कारण फिल्टर त्याच शब्दांवर चालतो. केसचा आकार पट्टीने मोजा, चावी सोडून. बऱ्याच पायलटचा व्यास 35 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मोठ्या मनगटाच्या माणसाला ते आधी कळलेलं बरं, नाहीतर घड्याळ परत येतं.

भारतात माल ठेवणाऱ्याचं एक नुकसान टळत नाही. ज्याने ठिकाणाच्या फिल्टरमध्ये 'फक्त अमेरिका' निवडलं त्याला तुम्ही दिसणार नाही. ठिकाण खोटं लिहून ते टाळू नका, तोही नियमभंगच आहे.

निकालांचा क्रम

शोधल्यावर पहिल्यांदा जो क्रम दिसतो त्याला 'बेस्ट मॅच' म्हणतात. 2008 पासून मूळ क्रम हाच आहे. 2013 मध्ये ईबेने कॅसिनी नावाचं नवं शोधयंत्र आणलं आणि अजूनही विक्रेते सगळं खापर कॅसिनीवर फोडतात. कशाला किती वजन हे ईबे सांगत नाही. कोणत्या गोष्टी धरल्या जातात ते मात्र सांगतं: शब्द किती जुळतात, वस्तूकडे लोकांचं किती लक्ष आहे, किंमत, लिस्टिंग किती पूर्ण आहे, फोटो, माल परत घेण्याची सोय, पाठवायला किती दिवस लावता, विक्रेत्याचा आजवरचा लौकिक. 'कॅसिनीचं गुपित' विकणाऱ्या क्लासवाल्यांना पैसे देण्याआधी ही यादी दोनदा वाचा.

लिलावाला दुसरा एक क्रम फार उपयोगी: 'एंडिंग सूनेस्ट', म्हणजे लवकर संपणारे आधी. यात नवखा आणि जुना विक्रेता एका पातळीवर येतात. शेवटच्या तासात तुमचं घड्याळ आपोआप वर चढतं. त्या तासात गिऱ्हाईक जागं असलं पाहिजे, एवढंच तुम्ही बघायचं.

कधी संपवायचा

1, 3, 5, 7 किंवा 10 दिवसांचा लिलाव लावता येतो आणि ज्या मिनिटाला सुरू झाला त्याच मिनिटाला संपतो. आपल्या सोयीने रविवारी दुपारी दोनला लावलात, तर न्यूयॉर्कमध्ये तो पहाटे साडेचारला, थंडीत साडेतीनला संपेल. शेवट असा साधा की न्यूयॉर्कमध्ये रविवारची रात्र नऊ आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा झालेले असतील. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ असते: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेसहा, उरलेल्या थंडीत साडेसात. पहाटे उठून बटण दाबायची गरज नाही, वेळ लावून ठेवायची सोय आहे. 10 दिवसांचा लिलाव आपल्या शुक्रवारी सकाळी सुरू केला तर तो तिकडच्या रविवारी रात्री संपतो आणि मधे दोन शनिवार-रविवार मिळतात. दुर्मीळ घड्याळाला मी 10च दिवस देईन.

दोन पायलट असतील तर दोन्ही एकाच मिनिटाला संपवू नका. पहिल्यात हरलेला माणूस दुसऱ्याकडे वळायला दहा-पंधरा मिनिटं हवीत. दुसऱ्या लिलावाचं दुसरं गिऱ्हाईक तोच असतो. दोन्ही घड्याळं हुबेहूब सारखी असतील तर बोली नसलेलं एकच लिस्टिंग ईबे एका वेळी दाखवतं, तेव्हा ती आठवडाभराच्या अंतराने लावलेली चांगली.

सहा दिवस बोली 9 डॉलरवर अडकून बसली म्हणून घाबरू नका. आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये ईबे आणि त्या काळच्या अॅमेझॉनच्या लिलावांची तुलना छापली. अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. ईबेवर घड्याळ थांबत नाही. त्यामुळे ईबेवर शेवटच्या क्षणी बोली लावण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. मुरलेला संग्राहक शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत हात दाखवत नाही.

सुरुवातीची किंमत आणि पोस्टेज

बोलींच्या इतिहासात चार-पाच बोलीदार दिसले असतील तर खालून सुरुवात करा, 0.99 किंवा 9.99 डॉलर. एकदा बोली लावलेला माणूस वस्तूकडे परत-परत येतो. बोलीदार एक-दोनच दिसले असतील तर ज्या किमतीला गेलं तरी तुम्हाला वाईट वाटणार नाही त्या किमतीपासून सुरू करा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही असा गुप्त आकडा, ठेवायला शुल्क पडतं आणि 'रिझर्व्ह नॉट मेट' वाचून बरीच गिऱ्हाइकं निघून जातात, मला ती सोय पटत नाही. लिलावासोबत 'बाय इट नाउ', म्हणजे लगेच विकत घेण्याची ठरावीक किंमत, लावता येतं, ते सुरुवातीच्या किमतीपेक्षा निदान 30 टक्के जास्त हवं, आणि पहिली बोली पडली की ते नाहीसं होतं.

दुसरा बोलीदार कमी पडतोय म्हणून भावाला किंवा मित्राला सांगून बोली चढवणं ईबेवर साफ मना आहे. खातं बंद होतं.

पोस्टेज वेगळं दाखवलं तरी शोध ते विसरत नाही. 'किंमत अधिक शिपिंग' हा क्रम निवडणाऱ्यासमोर 10 डॉलरचं घड्याळ आणि 25 डॉलरचं पोस्टेज मिळून 35 असंच उभं राहतं, आणि ईबेचं विक्रीशुल्कही पोस्टेज धरून कापलं जातं. अमेरिकेसाठी आणखी एक खर्च मोजा: 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे. शुल्क कोण भरणार हे आधीच स्पष्ट ठेवलं नाही, तर दारात आलेलं पार्सल गिऱ्हाईक नाकारतं.

फोटो

24 फोटो लावता येतात. शोधात दिसतो तो पहिला, फोनवर जेमतेम टपाल तिकिटाएवढा. त्यात फक्त डायल, समोरून, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, म्हणजे बाराखालचं एचएमटीचं चिन्ह झाकलं जात नाही. काळ्या डायलवरच्या प्लास्टिकच्या काचेत तुमचा फोन आणि बोटं हमखास उमटतात. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून त्यातून फोटो काढा, उजेड खिडकीतून एका बाजूने घ्या, फ्लॅश बंद. फोटोवर अक्षरं किंवा चौकट टाकायला मनाई आहे. लांब बाजू निदान 500 पिक्सेल हवी, 1600 असेल तर मोठं करून बघता येतं.

बाकी फोटोंमध्ये पाठीमागचं झाकण, चावी, दोन्ही कडा, पट्टा. आणि मशीनचा एक फोटो हवाच. ओळखीच्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या. मशीनवरचा नंबर आणि गंज दोन्ही दिसले की संग्राहकाची निम्मी शंका मिटते. ऑइलिंग केलं असेल तर कधी, दिवसाला किती मिनिटं पुढे-मागे जातं, हे वर्णनात लिहा.

संपल्यावर

जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर सौदा रद्द करता येतो आणि हरलेल्याला 'सेकंड चान्स ऑफर' पाठवता येते, त्याने लावलेल्या कमाल बोलीच्याच किमतीला. लिलाव संपल्यापासून 60 दिवसांपर्यंत ही सोय असते.

बोलीच लागली नाही तर तेच लिस्टिंग जसंच्या तसं पुन्हा लावू नका. सेलर हबमध्ये ट्रॅफिकचा अहवाल असतो, तो उघडा. घड्याळ किती वेळा यादीत दिसलं, किती जणांनी उघडलं, हे त्यात मिळतं. यादीतच फारसं दिसलं नसेल तर शीर्षक आणि रकाने तपासा. दिसलं भरपूर पण उघडलं कुणी नाही, तर पहिला फोटो बदला किंवा पोस्टेजचा आकडा बघा. उघडलं बऱ्याच जणांनी, 'वॉच' करून, म्हणजे नजर ठेवण्यासाठी खूण करून ठेवणारेही दहा-बारा आहेत आणि बोली मात्र शून्य, तर सुरुवातीची किंमत उतरवा. लोकांना घड्याळ हवंय, तुमचा आकडा आड येतोय. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पुढच्या आठवड्यात बोली कशामुळे आली ते कळणार नाही.